सीएस गो, म्हणजे काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्ह हा पाच विरुद्ध पाच असा बंदुकांचा ऑनलाइन गेम, सोडून पाच-सहा वर्षं झाली. आता मित्रांबरोबर काउंटर-स्ट्राइक २ मध्ये परत यायचंय, तर नेमकं काय बदललंय?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "दादा, कॉलेजात असताना आम्ही पाच जण रोज रात्री सीएस गो खेळायचो. २०१९ च्या शेवटी नोकऱ्या लागल्या आणि सुटलं. आता पुन्हा जमलोय, चौघे पुण्या-मुंबईत आणि एक दुबईत. स्टीम उघडलं तर सीएस गो गायब, त्याच जागी सीएस टू. सबटिक, नवे स्मोक, प्रीमियर असं काय काय कानावर येतंय. पहिल्या दोन रात्री सपाटून मार खाल्ला. भिंतीमागे गेल्यावरसुद्धा मरतोय. जुनं काय चालेल आणि काय नाही? आमच्यातला एक डावखुरा आहे, त्याला बंदूक डाव्या हातात कशी घ्यायची तेही सापडत नाहीये."

माझ्याबद्दल आधी दोन ओळी, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुझं तू ठरव. मी २००४ पासून खेळतोय. तेव्हा कोथरूडच्या एका कॅफेत तासाला वीस रुपये पडायचे, बारा मशिनं एकाच स्विचला जोडलेली, आणि 'आइसवर्ल्ड' या मॅपवर शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत आरडाओरडा. पुढे बरीच वर्षं एकाच जागी जमून खेळायच्या लॅन स्पर्धांचे सर्व्हर उभे करायचं काम केलं. हल्ली शनिवार-रविवार कॉलेजच्या दोन टीमना शिकवतो. त्यामुळे मी या गेमकडे खेळाडूइतकाच सर्व्हरवाल्याच्या नजरेनेही बघतो, आणि तुझ्या तक्रारीतली अर्धी गोष्ट तिकडचीच आहे.

गेम बनवणाऱ्या वाल्व कंपनीने सीएस टू २२ मार्च २०२३ ला जाहीर केला आणि २७ सप्टेंबर २०२३ ला सगळ्यांसाठी सोडला. सोडला म्हणजे सीएस गोच्या डोक्यावरच आणून बसवला. तुझी जुनी स्किनं (बंदुकांची रंगरूपं) आणि मेडल्स आहेत तशी मिळाली असतील, पण खालचं इंजिन बदललंय. दिसायला तोच मिराज मॅप, तोच इन्फर्नो, तीच एके रायफल. याचमुळे परतलेली माणसं फसतात. गाव तेच दिसतं म्हणून जुन्या वाटेने जातात, आणि वाट आता दुसरीकडे निघते.

सगळ्यात आधी स्मोक, म्हणजे धुराचा ग्रेनेड, कारण माझ्या मते खरा बदल हाच आहे. बाकीच्यावर लोक जास्त भांडतात, पण रोजच्या खेळात फरक पाडतो तो धूर.

सीएस गोमध्ये स्मोक म्हणजे एक चित्र होतं. नेड, म्हणजे ग्रेनेड, जिथे फुटेल तिथे ठरलेल्या आकाराचा गोळा उभा राहायचा. भिंत आड आली तरी त्याला पत्ता नसायचा, दार उघडं असलं तरी तो बाहेर सांडायचा नाही. शिवाय कडेला, कठड्यावर नीट टाकला तर एका बाजूने बघणाऱ्याला समोरच्याचे पाय दिसायचे आणि समोरच्याला काहीच नाही. असे 'वन-वे' स्मोक पाठ करण्यात आमच्यासारख्यांची तारुण्यं गेली.

आता धूर ही जागेत खरोखर असलेली वस्तू आहे. अरुंद बोळात फुटला तर लांब पसरतो, दारातून पलीकडे जातो, जिन्यावर टाकला तर पायऱ्यांवरून भरत जातो. तो कुठे आहे आणि कुठे नाही हे दहाही खेळाडूंसाठी एकच असतं. आणि मुख्य म्हणजे तो हलवता येतो. गोळी गेली की तिच्या वाटेवर क्षणभर बारीक फट पडते. एचई, म्हणजे स्फोटाचा नेड, आत फुटला की मोठं भगदाड पडतं, दोन-तीन सेकंद आरपार दिसतं, आणि मग धूर परत भरून येतो.

ऐकायला एवढंसं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते मागच्या पावसाळ्यातल्या एका सरावातून सांगतो. मिराज, आमची मुलं सीटी, म्हणजे बॉम्ब रोखणारी बाजू. तुला आठवतंय ना, राउंड सुरू होताच टेररिस्ट, म्हणजे बॉम्ब लावणारी बाजू, स्पॉनमधून (सुरुवातीच्या जागेवरून) विंडोवर, मधल्या पट्ट्याकडे बघणाऱ्या खिडकीवर, स्मोक टाकतात, म्हणजे खिडकीतला ऑपवाला (ऑप ही लांबून मारायची स्नायपर रायफल) आंधळा होतो आणि मिड, म्हणजे तो मधला पट्टा, मोकळा. सीएस गोमध्ये त्यावर एकच उपाय होता: ऑपवाल्याने खिडकी सोडायची आणि कनेक्टरला, म्हणजे शेजारच्या जोडबोळात, जायचं. आमचा ऑपवाला नेहमीप्रमाणे वळायला लागला. मी मागून म्हटलं, थांब, हलू नकोस. कनेक्टरमधल्या पोराला सांगितलं, मनात तीनपर्यंत मोज आणि खिडकीतल्या धुरात एचई टाक. त्याने टाकला. धूर फाटला, आणि टॉप मिडवरून दोघं बिनधास्त चालत येत होते, एकाच्या हातात तर अजून चाकू. ऑपचा एक आवाज आला, एक खाली पडला, आणि भगदाड मिटलं. दुसऱ्याला कळलंही नसेल कुठून आलं ते.

पण पुढची गोष्ट महत्त्वाची. त्यानंतर दोन राउंडांनी समोरच्यांनी तोच स्मोक टाकला, पण मिडला कोणी आलंच नाही. आमच्या पोराने परत एचई टाकला, ऑपवाला भगदाडाकडे डोळे लावून बसला, आणि टॉप मिडच्या कोपऱ्यात आधीच नेम धरून बसलेल्या त्यांच्या ऑपवाल्याने त्याला उचललं. भगदाड दोन्हीकडून असतं. ज्याने पाडलं त्याचाच फायदा होईल असं नाही, जो आधीपासून तयार उभा आहे त्याचा होतो. नवी मुलं इथेच मार खातात. नेड टाकतात आणि मग बंदूक काढतात. तेवढ्यात धूर परत भरतो किंवा आपण मरतो. नेड एकाने टाकायचा आणि बंदूक दुसऱ्याने धरायची, हे पाच मित्रांना सहज जमण्यासारखं आहे.

दुसरी सवय मोडायची ती डिफ्यूजची, म्हणजे बॉम्ब निकामी करण्याची. बॉम्ब लागल्यावर फुटायला ४० सेकंद, किट असेल तर ५, नसेल तर १० सेकंद डिफ्यूजला. सीएस गोमध्ये बॉम्बवर स्मोक टाकून आत बसायचं आणि देवाचं नाव घ्यायचं, समोरचा अंदाजाने गोळ्या मारणार. आता समोरच्याकडे एक एचई उरला असेल तर तो धूर उघडून तुझं डोकं बघतो. त्यामुळे टेररिस्ट बाजूला माझा साधा नियम आहे: बॉम्ब लावल्यावर पाचांपैकी निदान एकाकडे तरी गेममधल्या ३०० डॉलरचा एचई शिल्लक हवा. आमच्या कॅफेच्या काळात ज्या नेडला आम्ही 'उरले पैसे तर घे' म्हणायचो, तो आता खरेदीच्या यादीत वर आलाय. आणि सीटी असशील तर आत बसण्याआधी विचार कर, त्यांनी या राउंडला किती एचई वापरलेत. मोजत जा. सुरुवातीला मी मुलांना हे कागदावर लिहायला लावलं होतं, ते हसले, पण आता न सांगता मोजतात.

तुझे जुने लाइनअप, म्हणजे नेड कुठून कसा टाकायचा याच्या पाठ केलेल्या खुणा? काही चालतील, काही नाहीत. मॅप नव्याने बांधलेत, खुणेचे डाग आणि अँटेना हलल्यात. प्रॅक्टिसमध्ये आता नेड हातात धरल्यावर तो कुठे पडेल याची छोटी खिडकी दिसते, त्यामुळे एक संध्याकाळ पाचही जणांनी मिळून प्रत्येकी एका मॅपचे चार-पाच स्मोक बसवा. जंप-थ्रोसाठी, म्हणजे उडी मारत नेड टाकण्यासाठी, पूर्वी वेगळी की बांधावी लागायची, ती भानगड गेली. उडी मारताना माउस सोडला की गेम स्वतःच सांभाळून घेतो.

आता तुझी मुख्य तक्रार, भिंतीमागे गेल्यावर मरण्याची. इथे सबटिक समजून घ्यावं लागेल, आणि त्याच्याबद्दलचे गैरसमजही.

सर्व्हर जगाचा हिशोब सेकंदाला ठरावीक वेळा करतो. सीएस गोच्या अधिकृत सर्व्हरवर हा आकडा ६४ होता, म्हणजे दर साडेपंधरा मिलिसेकंदांनी एक हिशोब, यालाच टिक म्हणतात. बाहेरच्या स्पर्धात्मक सर्व्हरवर १२८ होता, म्हणून ते चांगले असं आपण म्हणायचो, आणि खरंही होतं. एकाच जागेवरून टाकलेला जंप-थ्रो इथे एकीकडे पडायचा आणि तिथे दुसरीकडे.

हे लोकलसारखं समज. जुन्या पद्धतीत तू फलाटावर आठ वाजून दोनला आलास की आठ वाजून चारला, याला अर्थ नव्हता, गाडी आठ पाचची. दोघेही आठ पाचचेच प्रवासी. सबटिकमध्ये गाडी अजूनही तितक्याच अंतराने सुटते, सर्व्हर आजही ६४ वरच चालतो, पण प्रत्येकाच्या तिकिटावर तो फलाटावर नेमका कधी आला ती वेळ छापलेली असते. तू क्लिक केलंस, पाऊल उचललंस, नेड सोडलास, त्या क्षणाची वेळ सोबत जाते आणि सर्व्हर त्या वेळेप्रमाणे निकाल लावतो. एकाच हिशोबाच्या आत दोघांनी गोळी मारली तर कोणाची आधी, हे आता त्याला कळतं. बाहेरच्या सर्व्हरवाल्यांना १२८ हवं होतं, पण वाल्वने ६४ च कायम ठेवलं.

सुरुवातीच्या महिन्यांत याची एक गंमत व्हायची. गोळीचा निकाल क्लिकच्या क्षणाचा लागायचा पण बंदुकीचा धक्का पुढच्या टिकला दिसायचा, त्यामुळे हाताला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. ते पुढच्या अपडेट्समध्ये बरंच सुधारलं. जुने व्हिडिओ बघून कोणी तुला 'सबटिक फसलंय' म्हणत असेल तर तारीख बघ.

आणि सबटिक काय करत नाही, तर ते तुझी लाइन वेगवान करत नाही. भिंतीमागचं मरण सबटिकच्या खात्यातलं नाहीच, ते सीएस गोमध्येही होतं. समोरचा गोळी मारतो तेव्हा सर्व्हर घड्याळ मागे फिरवून बघतो, की त्या क्षणी मारणाऱ्याच्या स्क्रीनवर तू कुठे होतास. त्याच्या स्क्रीनवर तू अजून उघड्यावर होतास. तुझ्या स्क्रीनवर मात्र ही बातमी येईपर्यंत तू भिंतीमागे पोचलास. दोघेही खरं बोलताय.

किती फरक पडतो? एके हातात घेऊन पळणारा सेकंदाला २१५ युनिट जातो, आणि खेळाडूच्या अंगाची रुंदी ३२ युनिट धरलेली असते. तुम्हा दोघांमधला सगळा उशीर मिळून ५० मिलिसेकंद असेल तर जवळपास ११ युनिट, म्हणजे एक तृतीयांश अंग. १०० झाला तर साडेएकवीस युनिट, म्हणजे दोन तृतीयांश माणूस. म्हणूनच कोपऱ्यात उभं राहून वाट बघणाऱ्यापेक्षा अचानक बाहेर येणाऱ्याला पहिली गोळी मिळते. उपाय दोनच: कोपऱ्याला चिकटून उभं राहू नकोस, आणि एक गोळी मारून जागा बदल. सीएस गोमध्ये तू इन्फर्नोच्या पिटमध्ये एकाच जागी बसून तीन-तीन उचलत असशील. ते बसणं आता सोड.

लाइनचं बघायचंय तर सेटिंगमध्ये टेलिमेट्री म्हणून भाग आहे. त्यात फ्रेम टाइम, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेला डेटा) दाखवायला सांग. आठवडाभर आकड्यांकडे लक्ष ठेव. पिंग स्थिर ४० असेल तर काही बिघडत नाही. २० आणि ९० च्या मध्ये नाचत असेल तर घरातलं वायफाय, किंवा आईची मालिका आणि भावाचं डाउनलोड एकाच राउटरवर, असं काहीतरी असणार. केबल टाक. केबल टाकल्याशिवाय मला लॅगबद्दल विचारायचं नाही, हा माझा विद्यार्थ्यांसाठीही नियम आहे.

केबल टाकूनही पिंग जास्त असेल तर दोष बाहेर असू शकतो. वाल्वचे सर्व्हर मुंबई आणि चेन्नईत आहेत, त्यामुळे पुण्याहून मुंबईला आकडा एकेरी-दुहेरीच्या सीमेवर यायला हवा. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी एके दिवशी १२ चा ८५ झाला. ट्रेसराउट, म्हणजे डेटा कोणत्या वाटेने जातो ते, काढलं तर माझी डेटाची पाकिटं पुण्याहून मुंबईला सिंगापूरमार्गे चालली होती. इंटरनेटवाल्याला फोन केला तर समोरचा म्हणे, "सर, स्पीड टेस्ट बरोबर येतेय." स्पीडचा प्रश्नच नव्हता. ट्रेसराउटचा फोटो जोडून तीन वेळा लेखी तक्रार केली, चौथ्या वेळी कोणीतरी जाणकाराने वाचली आणि संध्याकाळपर्यंत नीट झालं. तेव्हा फोनवर वाद घालत बसू नकोस, लेखी पाठव.

दुबईकराचा प्रश्न वेगळा. तुम्ही चौघे आणि तो एका पार्टीत असाल तर गेम सगळ्यांचे पिंग बघून सर्व्हर शोधतो. तुमचा आग्रह मुंबईचा असेल तर चौघांनी 'मॅक्स अ‍ॅक्सेप्टेबल मॅचमेकिंग पिंग' खाली ठेवा, आणि त्याला जास्त ठेवायला सांगा. वरचं गणित त्याच्यावर उलटतं, म्हणून त्याला साइटवर, म्हणजे बॉम्बच्या जागेवर राखण करत, बसवू नका, एंट्रीला, म्हणजे सगळ्यात आधी घुसायला, पुढे पाठवा. आधी बाहेर येणाऱ्याचा फायदा त्यालाही मिळू दे.

मशीनचंही थोडं. सीएस गो ज्या लॅपटॉपवर पळायचा त्यावर हा रांगतो. दाट स्मोकमध्ये फ्रेम्स पडतात, आणि पडतात त्या नेमक्या गोळीबाराच्या वेळी. ग्राफिक्स खाली आणताना सावल्या सगळ्यात खाली नेऊ नकोस, कोपऱ्यामागच्या माणसाची सावली आधी दिसते, ती फुकटची माहिती आहे. 'डॅमेज प्रेडिक्शन' नावाचे पर्याय दिसतील, ते बंद ठेव. त्यात सर्व्हरने होकार द्यायच्या आधीच रक्त उडालेलं दिसतं, आणि मग तो मेला नाही म्हणून तू गेमला शिव्या देतोस.

आता पैशांकडे वळू, कारण तुम्ही पहिल्या दोन रात्री हरलात त्याचं एक कारण नक्की इथे आहे.

पूर्वी मॅच ३० राउंडांची, १६ जिंकले की संपली. आता २४ राउंड, १३ जिंकले की खेळ खलास. व्यावसायिक स्पर्धाही याच मापाने होतात. सीएस टूचा पहिला मेजर, म्हणजे सगळ्यात मानाची स्पर्धा, मार्च २०२४ मध्ये कोपनहेगनला झाला आणि नाटुस विन्सेरे या टीमने जिंकला, तोही १३ वरच. पाऊण-एक तासाचा सामना अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो, नोकरी करणाऱ्यांना बरं आहे. पण पैशांचे नियम फारसे आखडले नाहीत आणि राउंड मात्र कमी झाले, म्हणून प्रत्येक चूक महाग पडते.

हिशोब कर. टेररिस्ट बाजूला पहिला पिस्तूल राउंड हरलास, ८०० खर्च झाले, हरल्याचे १९०० मिळाले. दुसऱ्यात काही न घेता वाचवलेस आणि हरलास, आणखी २४००. हातात ४३००. एके २७००, हेल्मेटसकट चिलखत १०००, उरलेल्या ६०० मध्ये दोन नेड. हा झाला नीट खरेदीचा तिसरा राउंड. तोही हरलास तर ०-३. पंधराच्या हाफमध्ये हे एक पंचमांश होतं, बाराच्या हाफमध्ये चौथा हिस्सा गेला. सीटीची गत आणखी वाईट: त्याच ४३०० मध्ये २९०० ची एम-फोर रायफल, हजाराचं चिलखत, चारशेचं किट, आणि नेडला एक दमडी नाही.

म्हणून हल्ली बऱ्याच टीम दुसऱ्याच राउंडला उडी मारतात. १९०० मध्ये चिलखत, टेक-९ पिस्तूल आणि दोन फ्लॅश (डोळे दिपवणारे नेड) बरोबर बसतात. जिंकलात तर पारडं फिरतं. हरलात तर तिसऱ्या राउंडला हातात फक्त २४०० असतात आणि तुम्ही अजून खोलात जाता. कोणतं बरोबर? मी शिकवताना एकच सांगतो: काय करायचं यापेक्षा पाचांनी एकच करणं मोठं. तिघांनी वाचवलं आणि दोघांनी डीगल हे महाग पिस्तूल घेतलं, ही पुण्यातली सगळ्यात लोकप्रिय रणनीती आहे आणि तिने आजवर कोणाचं भलं केलेलं मी पाहिलं नाही. पिस्तूल राउंड मात्र घोटून घ्या. २४ पैकी दोन राउंड तेच असतात.

खरेदीचा मेन्यू बदललाय. गोल चक्र जाऊन चौकटी आल्यात. आधीच सुरुवातीचं पिस्तूल आणि चार इतर पिस्तुलं, पाच मधल्या बंदुका, पाच रायफली निवडून ठेवायच्या. जे निवडलं नाही ते मॅचमध्ये मिळत नाही. पूर्वी दोन एम-फोरपैकी एकच ठेवता यायची, आता दोन्ही ठेवता येतात. मी दोन्ही ठेवतो, लांबच्या कोपऱ्याला सायलेन्सरवाली आणि गर्दीच्या साइटला दुसरी. चुकून भलतंच घेतलं तर खरेदीच्या वेळेत, ते वापरलं नसेल तर, परत करता येतं. कॅफेत चुकीची बंदूक घेतली म्हणून मी मित्राशी आठवडाभर बोललो नव्हतो, ते आठवून हसू येतं.

मग खेळायचा प्रकार कोणता, प्रीमियर की कॉम्पिटिटिव्ह. कॉम्पिटिटिव्हमध्ये तुझा रँक आता प्रत्येक मॅपचा वेगळा असतो. मिराजवर तू राजा आणि न्यूकवर नवशिका असू शकतोस, आणि ते दिसतंही. प्रीमियरमध्ये मॅप आधी ठरत नाही. स्पर्धेतले सात मॅप समोर येतात, दोन्ही टीम नको ते उडवतात, उरलेल्यातून एक ठरतो, आणि बाजू कोणती ते निवडता येतं. रँकच्या चिन्हाऐवजी सरळ आकडा आहे, त्याला सीएस रेटिंग म्हणतात. तो मिळायला आधी दहा मॅच जिंकाव्या लागतात. पाच हजारांखाली राखाडी, मग पाच-पाच हजारांनी रंग चढत जातो, तीस हजारांच्या वर सोनेरी. मॅच सुरू होण्याआधी जिंकलात तर किती मिळणार आणि हरलात तर किती जाणार हे स्क्रीनवर लिहून येतं.

हे लिहून येणंच घातक आहे, असं माझं मत. जिंकलो तर शंभरएक आणि हरलो तर पाचशे जाणार असं दिसलं की पहिल्याच राउंडपासून हात आखडतो. माझा एक विद्यार्थी चांगला खेळायचा, १५ हजारांच्या जवळ आला आणि खेळणंच थांबवलं, रंग जाईल म्हणून. तुम्ही पाच जण एकत्र आहात, मॅप उडवण्याचा खरा आनंद पाचांनाच मिळतो, म्हणून प्रीमियरच खेळा. पण पहिले दोन आठवडे नाही. आधी कॉम्पिटिटिव्हमध्ये तीनच मॅप धरा आणि पक्के करा. प्राइम, म्हणजे खात्याचा वरचा दर्जा, लागेल, तुम्ही डिसेंबर २०१८ मध्ये गेम फुकट होण्याआधी विकत घेतला असेल तर ते तुमच्याकडे आहेच.

चीटर भेटतील का? भेटतील. आता चीटर चालू मॅचमध्ये पकडला गेला तर मॅच तिथेच रद्द होते, ही पद्धत चांगली आहे, पण सगळे पकडले जात नाहीत. वरच्या रेटिंगला त्रास जास्त, म्हणून तिकडचे लोक फेसइट या बाहेरच्या मॅच-सेवेकडे जातात, तिथलं चीटरविरोधी सॉफ्टवेअर विंडोजच्या आतपर्यंत शिरतं. तुम्हाला सध्या त्याची गरज नाही. मात्र ड्रायव्हरच्या नव्या सोयी डोळे मिटून चालू करू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडीच्या अँटी-लॅग प्लस या सोयीमुळे निर्दोष लोकांवर बंदी आली होती. एएमडीने ती मागे घेतली आणि वाल्वने बंद्या उठवल्या, पण मधले दिवस त्या माणसांचे वाईट गेले.

कीबोर्डचंही असंच. धावताना थांबून गोळी मारायची तर उलटी की दाबून वेग मारावा लागतो, ती खरी कला. काही महाग कीबोर्ड हे आपोआप करून देतात. ऑगस्ट २०२४ पासून अधिकृत सर्व्हरवर ते ओळखलं जातं आणि मॅचमधून बाहेर काढतात. माझ्या टीममधल्या एकाने वाढदिवसाला तसला कीबोर्ड घेतला आणि पहिल्याच मॅचमध्ये ९-९ असताना बाहेर. चौघांनी त्याला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सोय बंद करून साधा वापरला की काही अडचण नाही.

जे गेलंय तेही सांगतो, उगाच शोधत बसू नका. डेंजर झोन हा खेळप्रकार आलेला नाही. आर्म्स रेस हा प्रकार सुरुवातीला नव्हता, फेब्रुवारी २०२४ मध्ये परत आला, हात गरम करायला मजेशीर आहे. दोघंच ऑनलाइन असाल तर दोन विरुद्ध दोनचा विंगमन आहे. मॅकवर आता चालत नाही, कोणाकडे मॅक असेल तर त्याला दुसऱ्या मशिनची सोय करावी लागेल.

आणि तुमचा डावखुरा. त्याला सापडलं नाही यात त्याची चूक नाही, गेम आला तेव्हा ही सोयच नव्हती, लोकांनी बोंब मारल्यावर एप्रिल २०२४ मध्ये आली. सेटिंगमध्ये डावा हात कायमचा ठेवता येतो, आणि खेळता खेळता एच दाबलं की बंदूक या हातातून त्या हातात जाते. हे तुम्हा उजव्यांनाही कामाचं आहे. उजव्या कोपऱ्यातून डोकावताना उजव्या हातातली बंदूक स्क्रीनचा तोच कोपरा झाकते. मी मिराजच्या पॅलेसमधून बाहेर पडताना हात बदलतो, तेवढी पट्टी मोकळी दिसते. शुक्रवारी रात्री त्यालाच आधी पॅलेसमधून पाठवा.